ऑर्कांमध्ये प्रल्हाद का नाही?

जे. आर. आर. टॉल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या दुसऱ्या खंडात हेल्म्स डीपच्या लढाईनंतरच्या सकाळचे वर्णन आहे. रोहान या घोडेस्वारांच्या राज्यावर चालून आलेली सारुमानची फौज रात्रभर झुंजून पहाटे मोडली आहे आणि आता मेलेल्यांची व्यवस्था लावायची आहे. रोहानचे जे वीर पडले त्यांच्यावर मातीचे उंच ढीग रचतात. राजाच्या पहाऱ्याचा नायक हामा याला स्वतंत्र समाधी मिळते. शत्रूच्या बाजूने लढलेली डनलँडची डोंगरी माणसे मेली, त्यांचीही वेगळी समाधी बांधतात. डनलँडचे जे जिवंत सापडले त्यांना तर अभयच मिळते. शस्त्रे खाली ठेवा, पडझडीच्या दुरुस्तीला हात लावा, पुन्हा चालून येणार नाही अशी शपथ घ्या आणि घरी जा. ती माणसे चकित होतात, कारण रोहानचे लोक कैद्यांना जिवंत जाळतात असे सारुमानने त्यांच्या मनात भरवलेले असते.

राहिले ऑर्क. त्यांच्यातला एकही जिवंत उरलेला नाही. प्रेतांचे ढीग एवढे की ती पुरताही येत नाहीत आणि जाळताही येत नाहीत. ती कोणी मोजली नाहीत, असे लेखक सांगतो. मोजदाद झालेली असते ती फक्त एका पैजेत. लेगोलास हा एल्फ आणि गिमली हा ड्वार्फ, या दोघा मित्रांनी कोण जास्त शत्रू मारतो याची चढाओढ लावलेली असते. सकाळी हिशेब निघतो तो लेगोलासचे ४१ आणि गिमलीचे ४२. वाचकाला इथे हसू येते, आणि यावे अशीच लेखकाची योजना आहे. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची नजर मात्र 'मोजली नाहीत' या शब्दांवर अडते.

टॉल्कीन हा बँकवाल्याचा मुलगा, हे आमच्या व्यवसायातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. वडील आर्थर टॉल्कीन बर्मिंगहॅम सोडून दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला बँकेचे व्यवस्थापक म्हणून गेले. तिथे ३ जानेवारी १८९२ रोजी हा मुलगा जन्मला. तीन वर्षांचा असताना आईबरोबर इंग्लंडला आला, आणि पुढच्याच वर्षी वडील तिकडे वारले. मुलगा पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला, जुन्या इंग्रजीचा गाढा अभ्यासक झाला, आणि १९५४-५५ या दोन वर्षांत त्याची ही तीन खंडांची कादंबरी बाहेर आली. २००१ ते २००३ मध्ये तिच्यावर निघालेले तीन चित्रपट आपल्याकडच्या तरुण पिढीला पाठ आहेत. कादंबरी मराठीतही आली आहे.

या कादंबरीवर वंशवादाचा आरोप अनेकदा होतो. चांगले ते गोरे, उंच आणि पश्चिमेचे. वाईट ते काळे, बुटके आणि पूर्वेचे किंवा दक्षिणेचे. आरोप करणारे एवढे बोलून थांबतात. समर्थक म्हणतात, ही परीकथा आहे, तिच्यात राक्षस असणारच. दोन्ही बाजू मला घाईच्या वाटतात. पूर्वग्रह म्हणजे काय, तो कसा जन्मतो आणि कसा विरघळतो, याची टॉल्कीनइतकी बारीक जाण असलेले लेखक थोडे. त्याच्या जगातली जवळजवळ सगळी वैरे तो फेडून दाखवतो. अडतो तो एकाच जमातीपाशी, आणि तिथे तो का अडला हा प्रश्न मला त्याच्या सगळ्या पुस्तकाहून मोठा वाटतो.

मिडल-अर्थ ही टॉल्कीनची काल्पनिक भूमी उतरंडीची आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सर्वांत वर एल्फ. अमर, देखणे, गाणारे आणि थोडेसे शिष्ट. त्यांच्या खाली न्यूमेनॉर या बुडालेल्या बेटावरून आलेल्या माणसांचे वंशज, जे इतर माणसांपेक्षा कितीतरी अधिक जगतात. त्यांच्या खाली इतर माणसे. गोंडोरच्या कारभाऱ्याचा धाकटा मुलगा फारामिर हॉबिटांना समजावून सांगतो, की आमच्या विद्येप्रमाणे माणसांचे तीन वर्ग : उच्च, मधले आणि रानटी. पहिले पश्चिमेचे, दुसरे संधिप्रकाशातले, तिसरे अंधारातले. फारामिर हा कादंबरीतला सर्वांत समंजस माणूस, आणि तोच हे किती सहज बोलून जातो! (इंग्रजी 'रेस'ला मराठीत आपण वंश म्हणतो, पण मानवजात, एल्फजात, ड्वार्फजात असेच लेखणीतून उतरते, आणि 'जात' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या कानात जे वाजायचे ते वाजतेच.) मात्र त्याच दमात फारामिर कबूल करतो, की आम्ही उच्च म्हणवणारेही आता मधल्यांच्याच पंक्तीला येऊन बसलो आहोत.

उच्च रक्ताचा हा अभिमान कुठे नेतो ते टॉल्कीनने परिशिष्टात सांगून ठेवले आहे. परिशिष्टे सहसा कोणी वाचत नाही. पण बँकेत राहिलेला माणूस ताळेबंदाच्या तळटिपा आधी वाचतो. गोंडोरच्या राजकुमाराने, व्हॅलाकारने, उत्तरेकडच्या साध्या लोकांतली मुलगी केली. तिच्या पोटचा एल्डाकार गादीवर येणार म्हटल्यावर सरदारांत कुजबुज सुरू झाली, की हलके रक्त मिसळले, आता राजकुळाचे आयुष्य घटणार. त्यातून भाऊबंदकीचे युद्ध पेटले, राजधानी जळाली, आणि राजघराण्यातलाच कास्तामिर नावाचा शुद्ध रक्ताचा सरदार दहा वर्षे गादीवर बसला. तो क्रूर निघाला. एल्डाकार आईच्या माणसांत गेला, फौज घेऊन परतला आणि त्याने राज्य मिळवले. म्हातारपण त्याला वडिलांपेक्षा लवकर आल्याचे काही दिसले नाही, अशी नोंद टॉल्कीन तिथे करतो. एका वाक्याची नोंद, पण तिने सगळ्या कुजबुजीचा निकाल लावला आहे.

एल्फ आणि ड्वार्फ यांचे वैर तर जुनेच. ड्वार्फ हे डोंगर पोखरणारे, धातूचे काम करणारे, बुटके आणि दाढीवाले लोक. त्यांचीच एक खुजी शाखा होती. एल्फांनी तिला प्राणी समजून तिची शिकार केली, असे टॉल्कीनच्या मृत्यूनंतर १९७७ साली निघालेल्या 'द सिल्मरिलियन'मध्ये आहे. देखण्या, गाणाऱ्या, अमर लोकांनी! पुढे युगे उलटल्यावर गिमली एल्फांच्या लोथलॉरियनच्या वेशीवर येतो तेव्हा पहारेकरी म्हणतात, ड्वार्फाला डोळे बांधूनच आत नेऊ. गिमली कुऱ्हाडीला हात घालतो. मग त्यांचा म्होरक्या आरागॉर्न तोडगा काढतो, की बांधायचे तर सगळ्यांचेच डोळे बांधा. एवढा वेळ मजा बघणारा लेगोलास लगेच चिडतो. मी एल्फ, माझ्याच आप्तांच्या रानात मला डोळे बांधून नेणार? पूर्वग्रहाचे असे अचूक चित्र मी कमी पाहिले आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी ही सुरक्षेची बाब असते, आपल्या डोळ्यांवर आली की तो अपमान ठरतो.

आत गेल्यावर राणी गॅलॅड्रिएल काय करते? ती उपदेश करत नाही. गिमलीच्या पूर्वजांच्या डोंगराची, तळ्याची, दालनांची नावे ती त्याच्या भाषेत घेते. शत्रूच्या तोंडून आपल्या भाषेतली आपल्या गावाची नावे ऐकताच तो कडवा ड्वार्फ विरघळतो. टॉल्कीनने १९५५ सालच्या एका पत्रात म्हटले आहे, की ड्वार्फांबद्दल विचार करताना मला ज्यू आठवतात. आहेत तिथलेच आणि तरी परके, देशाची भाषा बोलणारे पण स्वतःच्या भाषेचा हेल जिभेवर असलेले. सोन्याची हाव हा ज्यूंवर मारलेला जुना शिक्का त्याच्या ड्वार्फांवरही आहे, हे खरे. पण गिमली निरोपाला सोने मागत नाही, राणीच्या केसांतली एक बट मागतो. ती तीन देते, आणि सोन्याची तुझ्यावर कधी सत्ता चालणार नाही असा आशीर्वाद देते.

रोहानचे घोडेस्वारही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. राजधानीच्या मदतीला धावताना त्यांना रानातली गुप्त वाट हवी असते. ती ठाऊक असलेला रानमाणसांचा मुखिया घान-बुरी-घान वाट दाखवायला तयार होतो. मोबदला एकच : यापुढे आमच्या माणसांची जनावरांसारखी शिकार करू नका. म्हणजे आजवर हे उमदे, शूर, गाणी म्हणणारे घोडेस्वार ते करत होते. आपला सगळा जीव ज्यांच्यात गुंतला त्या नायकांबद्दल लेखक हे एका वाक्यात सांगून टाकतो. युद्ध संपल्यावर ते रान कायमचे त्या लोकांच्या नावावर होते, त्यांच्या परवानगीशिवाय आत कोणी जायचे नाही अशा अटीवर. आमच्या भाषेत, सातबारा त्यांचा झाला.

आणि सॅम. फ्रोडोबरोबर निघालेला तो साधा माळी. दक्षिणेकडच्या हराडचा एक सैनिक बाण लागून त्याच्या पुढ्यात येऊन पडतो. सॅमला वाटते, याचे नाव काय असेल? कुठून आला असेल? मनाने खरोखर दुष्ट असेल का, की कोणाच्या थापांनी आणि धमक्यांनी इतक्या दूर आला? घरीच राहायला आवडले नसते का त्याला? पहिल्या महायुद्धात १९१६ साली सॉमच्या खंदकांत राहून आलेल्या माणसाने हे लिहिले आहे, आणि ते तसे वाटते.

टॉल्कीनच्या आयुष्यातही या जाणिवेचे पुरावे आहेत. १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने 'द हॉबिट'च्या अनुवादाआधी, आपण आर्य वंशाचे आहात का, अशी विचारणा केली. टॉल्कीनने संतापून उत्तराचे मसुदे केले. त्यातल्या एकात तो भाषाशास्त्राचा प्राध्यापक या नात्याने लिहितो, की आर्य म्हणजे इंडो-इराणी, आणि माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी, फारसी किंवा जिप्सी बोलत नव्हता. आणि मी ज्यू आहे का असे विचारायचे असेल, तर त्या गुणी लोकांपैकी माझा कोणी पूर्वज दिसत नाही याचा खेद वाटतो. १९५९ साली ऑक्सफर्डचा निरोप घेताना केलेल्या भाषणात, वर्णद्वेषी विभाजनाचा तिटकारा माझ्या हाडांतच आहे, असे तो म्हणाला. बोलणे भाषा आणि साहित्य या विषयांच्या फारकतीबद्दल होते, पण जन्मगावाचा संदर्भ देऊन बोलला.

त्याच माणसाने १९५८ साली, नियोजित चित्रपटाच्या पटकथेवर टीका करताना, ऑर्कांचे रूप कसे असावे ते लिहिले : बसके, चपट्या नाकाचे, पिवळट कातडीचे, तिरप्या डोळ्यांचे, मंगोल चेहऱ्यातला जो नमुना कमीत कमी देखणा, त्याची विकृत आवृत्ती. युरोपीय नजरेला कमी देखणा, अशी पुस्ती त्याने जोडली आहे. पुस्तीमुळे सारवासारव होत नाही. एका खऱ्या खंडातल्या खऱ्या माणसांचा चेहरा उचलून त्याने तो ऑर्कांना दिला. हराडच्या सैनिकापाशी सॅमला थांबवणारा लेखक इथे स्वतः थांबला नाही.

हे ऑर्क आले कुठून? टॉल्कीनने आयुष्यभर या प्रश्नाची उत्तरे लिहिली आणि खोडली. अगदी सुरुवातीच्या कथांत सैतानाच्या जागी असलेला मॉर्गोथ त्यांना जमिनीच्या चिखलातून घडवतो. पण टॉल्कीन श्रद्धावान कॅथलिक होता. निर्मिती फक्त ईश्वराची. दुष्टाला नवे काही घडवता येत नाही, असलेले बिघडवता येते. कादंबरीतही फ्रोडो सॅमला हेच सांगतो. मग ऑर्क म्हणजे बिघडवलेले कोण? 'द सिल्मरिलियन'मध्ये आले, की पळवून नेऊन छळलेले एल्फ. ते त्याला पटेना. अमर एल्फांपासून हे कसे झाले असतील? मग माणसांपासून, असे लिहून पाहिले. मग बोलायला शिकवलेली जनावरे, पोपटासारखी, असेही एकदा लिहून पाहिले. ही टिपणे त्याच्या मुलाने 'मॉर्गोथ्स रिंग' या पुस्तकात १९९३ साली छापली. ती वाचताना एका म्हाताऱ्या प्राध्यापकाचा चाललेला झगडा दिसतो. ऑर्क जनावर ठरला तर मारायला हरकत नाही. पण ते बोलतात, भांडतात, कुरकुरतात, त्यांना पोरेबाळे होतात. मग आत्मा आला. आत्मा आला की सुटकेची शक्यता आली. आणि ती आली की हेल्म्स डीपच्या सकाळचा हिशेब द्यावा लागतो.

बँकेत ज्या नोंदीला खाते सापडत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. रक्कम आली आहे, पण कोणाच्या नावे घालायची ते कळत नाही. त्या दिवसाचा ताळा जुळतो, मंडळी घरी जातात. नोंद मात्र तिथेच पडून राहते, आणि दर तपासणीला ऑडिटर तिच्यावर बोट ठेवून विचारतो, "हे किती दिवस?" टॉल्कीनला असे ऑडिटर भेटले. १९५४ साली ऑक्सफर्डमधल्या एका कॅथलिक पुस्तक-दुकानाच्या व्यवस्थापकाने त्याला अशा शंका लिहून पाठवल्या. त्याने लांबलचक उत्तर लिहिले आणि पाठवलेच नाही. आपण स्वतःला फारच महत्त्व देतो आहोत असे वाटले म्हणून. १९६५ साली कवी ऑडनने छेडले, की सुटकाच नसलेली एक अख्खी जमात ही कल्पना धर्मबाह्य नव्हे काय? तेव्हा टॉल्कीन म्हणाला, माझी कथा धर्मशास्त्राच्या चौकटीत बसलीच पाहिजे असे काही बंधन मी मानत नाही. उत्तर टाळण्याचे आहे. पण त्याच काळातल्या टिपणांत त्याने लिहिले आहे, की ऑर्क शरण आला आणि त्याने दया मागितली तर ती दिलीच पाहिजे, नुकसान सोसूनही. मात्र एल्फांकडे तशी दया ऑर्क क्वचितच मागत, कारण एल्फ आपल्याहून क्रूर आहेत असे त्यांना शिकवलेले असे. डनलँडच्या माणसांच्या मनात भरवलेले, तेच.

मग हेल्म्स डीपला शरण आलेला एक तरी ऑर्क का नाही? माझे उत्तर कादंबरीकाराचे आहे. कथेत फौजा लढवायच्या, हजारोंना मारायचे, आणि तरी नायकाचे हात स्वच्छ ठेवायचे, तर ज्यांच्यासाठी रडावे लागत नाही असे कोणीतरी लागते. लेखणी हातात धरलेल्या प्रत्येकाला ही सोय मोह घालते. मुलाला पाठवलेल्या १९४४ सालच्या पत्रांत टॉल्कीनने स्पष्ट लिहिले आहे, की खऱ्या जगात ऑर्क दोन्ही बाजूंना असतात, आपल्या बाजूलाही भरपूर आहेत. पत्रात ऑर्क हे वर्तन आहे. कादंबरीत तो जन्म झाला आहे. सगळा घोळ या दोन शब्दांमधला आहे.

आपल्या पुराणांत राक्षस आणि असुर कमी नाहीत, आणि त्यांचा वधही धूमधडाक्याने होतो. पण हिरण्यकशिपूच्या घरात प्रल्हाद जन्मतो, लंकेत बिभीषण निघतो. आणि ज्या बळीला वामनाने पाताळात घातले त्याचे राज्य पुन्हा यावे म्हणून दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडच्या बायका ओवाळताना म्हणतात. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ती कथा उलटून मांडली ती ही जागा बरोबर हेरून. पुराणे निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. शंबूकाची कथा आपल्याच घरातली आहे. पण असुराच्या पोटी प्रल्हादाची जागा ठेवलेली आहे. ऑर्कांमध्ये प्रल्हाद नाही.

आणि जन्मानेच गुन्हेगार असलेली जमात ही काही परीकथेतली कल्पना नव्हे. टॉल्कीन ज्या इंग्लंडमध्ये वाढला त्याच्याच साम्राज्याने १८७१ साली हिंदुस्थानात तसा कायदा केला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती वाढवली. अख्ख्या जमाती नोंदवहीत गेल्या. पोलिसांकडे हजेरी आली, सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाआडच्या वसाहती आल्या. स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द केला. कायदा गेला तरी शिक्का कसा राहतो हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने १९८७ साली सांगितलेच आहे.

त्याच सुमारास मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली शेळ्यांच्या कर्जासाठी पंचायत समितीकडून अर्ज येत, त्यात दोन अर्ज गावाबाहेरच्या पारधी वस्तीतले होते. माझ्याहून वयाने मोठे असलेले फील्ड ऑफिसर ते बाजूला ठेवत म्हणाले, "पारध्यांची कर्जं वसूल होत नाहीत, साहेब."

"आजवर किती दिलीत?"

"एकही नाही. वसूलच होत नाहीत, तर द्यायची कशाला?"

गृहस्थ सज्जन होते, कोणाचा पैसा खाल्ला नाही, चेष्टेनेही कोणाला वावगे बोलत नसत. त्यांच्या हिशेबात काही चूकही नव्हती; लेजरला पानच नसेल तर थकबाकी दिसणार कुठून आणि परतफेड तरी कुठून? दोन्ही कर्जे दिली. एक फिटले, एक थकले. शाखेतल्या त्या योजनेच्या एकूण वसुलीची गतही साधारण अशीच होती.

गेल्या काही वर्षांत ऑर्कांची नोंद पुन्हा तपासणीला आली आहे. त्याआधीच, १९९९ साली, किरिल येस्कोव या रशियन लेखकाने हीच कथा मॉर्डॉरच्या, म्हणजे ऑर्कांच्या बाजूने लिहिली होती. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात खेळाडू आपली 'रेस' निवडत असे. २०२२ मध्ये तो शब्द सोडण्याचे ठरले, आणि २०२४ च्या नियमपुस्तकात त्या जागी प्रजाती हा शब्द आला. शब्द बदलून काय होते ते आपल्याला वेगळे सांगायला नको. २०२२ सालीच टॉल्कीनच्या जगावर आलेल्या नव्या मालिकेत एक एल्फ आणि एक ड्वार्फ राजकुमारी या भूमिकांत कृष्णवर्णीय कलावंत दिसले, तेव्हा गदारोळ झाला. उर्सुला ल गुइनने १९६८ सालच्या कादंबरीत आपला नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा केला होता. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत त्याला गोरा करून टाकला. तिने जाहीर निषेध केला, पण तेव्हा एवढा आवाज काही उठला नव्हता.

ते एक असो. २०२२ साली रशियाने युक्रेनवर सर्व बाजूंनी आक्रमण केले, तेव्हापासून युक्रेनमधले लोक रशियन सैनिकांना सर्रास 'ऑर्क' म्हणतात. ज्याच्या घरावर क्षेपणास्त्र पडते त्याला शब्द जपून वापर असे सांगणारा मी कोण? त्याचा संताप न्याय्य आहे आणि आक्रमक कोण याबद्दल मला शंका नाही. पण दूरच्या एखाद्या गरीब प्रांतातून, पैशाच्या आशेने किंवा सक्तीने त्या खंदकात आलेल्या विशीतल्या पोराबद्दल सॅमचा प्रश्न विचारायचा झाला, तर आधी तो शब्द बाजूला ठेवावा लागतो. आणि हा शब्द बाजूला ठेवता येऊ नये यासाठीच तर बनला आहे. मालिकेच्या २०२४ सालच्या दुसऱ्या भागात एक ऑर्क, त्याची बायको आणि तान्हे मूल काही क्षण दिसले, तेव्हा टॉल्कीनचे कित्येक भक्त खवळले. खवळण्यासारखे त्यात काय होते? इतर जीवांसारखीच ऑर्कांचीही वाढ होते, हे टॉल्कीनने स्वतः लिहून ठेवले आहे. मग तान्हे मूल कुठेतरी असणारच. ते दिसले की ४१ आणि ४२ च्या पैजेला हसणे अवघड जाते, एवढेच.

खरे तर ती फट टॉल्कीननेच ठेवली आहे. दुसऱ्या खंडाच्या शेवटी शाग्रात आणि गोरबाग हे दोन ऑर्क नायक अंधारात गप्पा मारत चाललेले असतात. सॅम लपून ऐकतो. दोघे वरिष्ठांना कंटाळले आहेत. युद्ध संपले की चार भरवशाचे गडी घेऊन कुठेतरी निघून जाऊ, जिथे वर कोणी मोठा साहेब नसेल, असे बेत चालले आहेत. (बँकेच्या कॅन्टीनमध्ये मार्चअखेरीस मी हे संभाषण शब्द बदलून अनेकदा ऐकले आहे.) मध्येच विषय निघतो, की या पडलेल्या हॉबिटाला त्याचा सोबती इथेच टाकून गेलेला दिसतो, आणि हे म्हणजे एल्फांचेच लक्षण, असे त्यांचे मत पडते. सोबत्याला टाकून जाणे वाईट, हे त्यांना कळते. वाईट ते शत्रूच्या जातीचे, हेही.

पुढे फ्रोडोच्या अंगावरच्या मौल्यवान चिलखतावरून दोघांत जुंपते, दोघांच्या पलटणी एकमेकांना कापून काढतात, आणि शाग्रात गोरबागला मारून चिलखत घेऊन पळतो. सॅम मनोऱ्याच्या अंगणात शिरतो तेव्हा सगळीकडे प्रेते पडलेली असतात. हराडच्या सैनिकापाशी थांबलेला सॅम इथे थांबत नाही. त्याला वर जाऊन फ्रोडोला सोडवायचे असते.